हातातली निळी सूज : आधी एमआरआय की अँजिओग्राफी?

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांची आहे, नववीत शिकते. उजव्या तळहातावर अंगठ्याच्या बुडाशी आणि मनगटाच्या वर, आतल्या बाजूला तिला जन्मापासून निळसर डाग आहे. लहानपणी रुपयाएवढा दिसायचा. आता तिथे मऊ सूज आहे. हात डोक्यावर धरला की ती बसते, खाली सोडला की पुन्हा भरते. गेल्या वर्षी पाळी सुरू झाली तेव्हापासून दुखणं वाढलंय. तीन तासांचा पेपर लिहिला की संध्याकाळी पेन धरवत नाही. कधीकधी सकाळी उठल्यावर एखादी जागा कडक होऊन ठणकते. सोनोग्राफी केली, त्यात ‘हेमँजिओमा’ असं आलं. रिपोर्टची झेरॉक्स जोडली आहे. एक सर्जन म्हणाले, कापून टाकू, अर्ध्या तासाचं काम आहे. दुसरे म्हणाले, आधी हाताची अँजिओग्राफी करा. तिसऱ्या डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिलाय, तोही इंजेक्शन देऊन. खर्च सगळ्याचाच आहे. कोणाचं ऐकायचं? हा कॅन्सर तर नाही ना? सासूबाई म्हणतात, मी गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही म्हणून हे झालं.
– एक आई, कराड तालुका

नमस्कार ताई,

तिघांपैकी तिसऱ्या डॉक्टरांचं ऐका. पण एमआरआयच्या आधी एक नीट केलेली कलर डॉपलर तपासणी, म्हणजे रक्ताचा वेग दाखवणारी सोनोग्राफी, करून घ्या. सर्जनना तूर्त थांबायला सांगा. अँजिओग्राफी आत्ता मुळीच नको. असं का म्हणते ते जरा सविस्तर लिहिते, कारण पुढच्या डॉक्टरांपुढे बसाल तेव्हा हे सगळं तुम्हालाच विचारायचं आहे.

निदानाचा बराचसा भाग तुमच्या पत्रातच आहे. सूज जन्मापासून आहे, मुलीबरोबर वाढत गेली, हात वर केला की ओसरते, पाळी आल्यावर तिने जोर धरला, आणि सकाळी एखादी जागा कडक होऊन ठणकते. हे सगळं एकत्र ऐकलं की पहिला संशय येतो तो ‘व्हीनस मालफॉर्मेशन’चा, म्हणजे शिरांच्या जन्मजात सदोष घडणीचा. गर्भात हाताच्या शिरा तयार होताना काही भागात त्यांच्या भिंती पातळ राहिल्या, भिंतीतल्या स्नायूचं अस्तर अर्धवट राहिलं, आणि तिथे रक्त साचणारे मऊ कप्पे बनले. रक्त त्यातून पुढे सरकतं, पण फार संथ. साचलेलं रक्त अधूनमधून गोठतं. सकाळची ती कडक, ठणकणारी जागा बहुधा तीच. मी तिचा हात पाहिलेला नाही, त्यामुळे हा अंदाज आहे. तो बरोबर की चूक, हे ठरवण्यापुरत्याच तपासण्या करायच्या.

तुमच्या रिपोर्टमधल्या ‘हेमँजिओमा’वर मात्र मी काट मारीन. खरा हेमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या पेशी वाढून होणारी गाठ, हा बाळांचा आजार आहे. जन्मानंतर काही आठवड्यांत तो दिसू लागतो, पहिले काही महिने झपाट्याने वाढतो आणि पुढे काही वर्षांत आपोआप विरत जातो. तुमच्या लेकीची सूज जन्मापासून आहे आणि १४ वर्षांत विरण्याचं नाव नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे बोस्टनच्या मुलिकन आणि ग्लोवाकी यांनी १९८२ मध्ये स्पष्ट मांडलं. एकीत पेशी वाढतात, दुसरीत रक्तवाहिन्यांची घडणच चुकलेली असते. जगभर आज हीच विभागणी वापरतात. आपल्याकडे मात्र निळं, मऊ, रक्तानं भरलेलं काहीही दिसलं की रिपोर्टवर अजून सर्रास हेमँजिओमा लिहिलं जातं. त्यात शास्त्रापेक्षा सवयच जास्त आहे, आणि त्या सवयीचा त्रास रुग्णांना होतो. कोणी ‘मोठी झाली की जाईल’ म्हणून वर्षानुवर्षं थांबवतं. कोणी प्रोप्रॅनोलॉल सुरू करतं. बाळांच्या हेमँजिओमावर ते औषध उत्तम चालतं, हे २००८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी दाखवलं. पण शिरांच्या मालफॉर्मेशनवर त्याचा उपयोग नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. अशा सुजेबाबत सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न ‘कुठली तपासणी?’ हा नाही. आत रक्त संथ आहे की वेगवान, हा आहे. पुढचं सगळं, म्हणजे तपासणी, उपचार, धोका, खर्च, या एका उत्तरावर फिरतं.

संथ गटात शिरांची मालफॉर्मेशन येते, लसिकावाहिन्यांची (लिम्फ वाहणाऱ्या नळ्यांची) येते आणि त्वचेवरचे लालसर केशवाहिन्यांचे डागही येतात. वेगवान गटात मुख्य म्हणजे एव्हीएम, आर्टेरिओव्हीनस मालफॉर्मेशन. रक्ताची नेहमीची वाट धमनीतून केशवाहिन्यांत आणि तिथून शिरांत अशी असते. तुमच्याकडच्या शेताच्या हिशेबात सांगायचं तर कालव्यातून पाटात, पाटातून वाफ्यात आणि उरलेलं पाणी ओढ्याला. पाण्याचा जोर वाफ्यांत मोडतो. एव्हीएममध्ये मधले वाफेच नसतात, कालवा सरळ ओढ्यात फुटलेला असतो. ओढा रुंदावत जातो आणि शेजारचं रान कोरडं पडतं. हातात याचा अर्थ असा की शिरा धमनीसारख्या उडू लागतात, आणि बोटांच्या टोकांना रक्त कमी पडून तिथली जखम भरेनाशी होते. फुटवा फारच मोठा असेल तर हृदयावरही ताण येतो.

हा फरक तुम्ही घरीही थोडा ताडून पाहू शकता. मुलगी शांत बसलेली असताना तुमच्या हाताची मागची बाजू तिच्या सुजेवर ठेवा, मग दुसऱ्या हातावर त्याच जागी ठेवा. सुजेची बाजू स्पष्ट गरम लागते का? बोटांना आत धडधड किंवा सतत थरथर जाणवते का? हलकं दाबल्यावर सूज सहज रिकामी होते आणि सोडल्यावर सावकाश भरते का? गरम नाही, उडत नाही, सावकाश भरते, असं असेल तर संथ गटाची शक्यता वाढते. गरम आणि थरथरणारी असेल तर माझा सल्ला थोडा बदलेल, तो पुढे येतोच. ही तपासणी डॉक्टरांनीही करायला हवी होती. तिघांपैकी कोणी हात वर-खाली करून पाहिला, स्टेथोस्कोप सुजेवर टेकवला, असं तुमच्या पत्रात कुठे नाही. बिनपैशाची तपासणी आधी राहते आणि महागड्या तपासणीची चिठ्ठी आधी मिळते, हे मी रोज पाहते.

मग डॉपलर. झेरॉक्समध्ये सुजेची लांबी-रुंदी आहे, रक्ताच्या वेगाबद्दल एक अक्षर नाही. म्हणून ती परत करायला सांगतेय. हातासाठी सपाट, उच्च वारंवारतेचा प्रोब लागतो, पोटाचा बाकदार प्रोब नाही. करणाऱ्याचा हातही हलका लागतो. प्रोब दाबला की हे मऊ कप्पे चपटे होतात आणि पडद्यावर काहीच उरत नाही. भरपूर जेल घालून प्रोब नुसता टेकवायचा, मुलीचा हात टेबलावरून खाली लोंबता ठेवायचा, म्हणजे कप्पे भरतात. मशीनची वेगाची मर्यादा खाली आणायची, नाहीतर इतकं संथ रक्त मशीन गाळूनच टाकतं. मग सूज हलकेच दाबून सोडायची आणि रंग उमटतो का पाहायचं. एवढं करूनही काही वेळा रंग दिसत नाही, कारण रक्त जवळजवळ थांबलेलंच असतं. तेव्हा ‘रक्तप्रवाह आढळला नाही’ असं वाचून ही रक्तवाहिन्यांची सूज नाहीच, असा निष्कर्ष काढू नका. उलट एव्हीएम असेल तर डॉपलर ते लपवत नाही. धमन्या मोठ्या झालेल्या, त्यात जोरकस प्रवाह, आणि शिरांमध्येही धमनीसारखे ठोके दिसतात. कलर डॉपलर केल्याशिवाय हाताच्या अशा सुजेला कोणी सुरी लावू नये, इतक्या स्पष्ट मताची मी आहे.

त्याच फेरीत हाताचा एक साधा एक्स-रेही काढून घ्या. काही शे रुपयांचं काम. कप्प्यांत गोठलेल्या रक्तावर कॅल्शियम बसून छोटे गोल खडे होतात, त्यांना फ्लेबोलिथ म्हणतात. एक्स-रेत ते बारीक मण्यांसारखे दिसतात, आणि दिसले की शिरांच्या मालफॉर्मेशनची बाजू बळकट होते. शेजारच्या हाडाची वाढ वाकडी किंवा जास्त झाली आहे का, हेही कळतं.

आता एमआरआय. डॉपलरने वेग कळतो, पसारा कळत नाही. मनगटाजवळ पसारा हाच खरा प्रश्न असतो. तिची एक सूज अंगठ्याच्या बुडाशी आहे, दुसरी मनगटाच्या वर. त्या दोन वेगवेगळ्या आहेत, की मधल्या कार्पल टनेलमधून जोडलेल्या? त्या अरुंद बोगद्यातून बोटं मिटवणाऱ्या नऊ स्नायूबंधांच्या दोऱ्या आणि मीडियन नर्व्ह जाते. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाची संवेदना त्याच नर्व्हवर अवलंबून असते. तिथे आणखी एक पाहुणा घुसला असेल तर तीन तास पेन धरल्यावर हात का बधिर होतो किंवा का ठणकतो, याचं उत्तर तिथेच सापडू शकतं. आणि अर्ध्या तासात कापून टाकू म्हणणाऱ्या सर्जनना नेमकं काय कापावं लागेल, हेही.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, त्यामुळे वाढत्या मुलीसाठी ती काळजी सोडून द्या. चुंबक आणि रेडिओलहरींनी शरीरातल्या पाण्याचं चित्र काढलं जातं. एका खास पद्धतीत चरबीची चमक दाबून टाकतात. मग संथ रक्तानं भरलेले कप्पे पांढरे शुभ्र उठून दिसतात आणि त्यातले खडे काळे ठिपके होऊन दिसतात. वेगवान रक्त असेल तर उलटं होतं. चित्र घ्यायच्या आत रक्त पुढे निघून जातं आणि वाहिनीच्या जागी काळी नळी दिसते. म्हणजे इंजेक्शन न देताही एमआरआय बरंच बोलतो.

मग इंजेक्शन कशाला, हा तुमच्या मनातला प्रश्न असणार. त्यात गॅडोलिनियम असतं, चित्रात उजळून दिसणारं औषध. अशा औषधाला कॉन्ट्रास्ट म्हणतात. ते किरणोत्सारी नाही. ते दिल्यावर शिरांचे कप्पे सावकाश, काही मिनिटं घेत, ठिपक्याठिपक्यानं भरतात. लसिकावाहिन्यांच्या पिशव्यांत मात्र ते शिरत नाही, फक्त त्यांचे पडदे उजळतात. दर काही सेकंदांनी एक अशी चित्रांची मालिका घेतली तर धमन्या आधी आणि शिरा नंतर भरताना दिसतात. एव्हीएममध्ये दोन्ही जवळजवळ एकदमच भरतात. पहिल्याच एमआरआयला हे करून ठेवावं असं माझं मत आहे. पुढे दरवर्षी नुसतं लक्ष ठेवायला एमआरआय करायचा असेल तर बहुतेकदा इंजेक्शनशिवाय भागतं. या औषधाचा अगदी थोडा अंश शरीरात राहतो, म्हणून ते विनाकारण पुन्हापुन्हा देत नाहीत. मूत्रपिंडाचा काही आजार असेल तर आधी सांगा. आणि इंजेक्शनची सुई डाव्या हाताला लावायला सांगा, सुजेच्या हाताला नको.

सेंटरवर जाताना एक गोष्ट नक्की करा. डॉक्टरांना चिठ्ठीवर नुसतं ‘एमआरआय रिस्ट’ लिहू देऊ नका. तसं लिहिलं की मनगटाचा नेहमीचा, लहान चौकटीतला एमआरआय होतो. मनगटाच्या साध्या दुखण्यासाठी तो ठीक आहे, इथे तो अपुरा. सूज स्नायूंतून वर कोपरापर्यंत गेली असेल तर ती चौकटीबाहेर राहील आणि तुम्हाला सगळा खर्च पुन्हा करावा लागेल. चिठ्ठीवर ‘व्हॅस्क्युलर मालफॉर्मेशन, संथ की वेगवान, बोटांपासून कोपरापर्यंत, कॉन्ट्रास्टसह डायनॅमिक’ असं हवं. रिपोर्टमध्ये काय यायला हवं तेही त्यांच्याशी बोलून घ्या. कुठल्या थरात आहे: त्वचा, चरबी, स्नायू, स्नायूबंध, सांधा की हाड? मीडियन आणि अल्नर नर्व्हपासून किती दूर? तळहाताला रक्त देणाऱ्या दोन धमन्यांच्या कमानीशी तिचा काय संबंध? कप्पे कुठल्या शिरेत रिकामे होतात? या प्रश्नांना बगल देऊन शेवटी ‘क्लिनिकली कोरिलेट करा’ (रुग्णाला तपासून ताडून पाहा) लिहिलेला दोन ओळींचा रिपोर्ट मिळाला, तर सीडी घेऊन दुसऱ्या रेडिओलॉजिस्टकडून पुन्हा वाचून घ्या. सीडी मागून घ्याच. फिल्मवर निवडक चित्रं असतात.

मुलीची तयारी करून न्या. हात चुंबकाच्या मधोमध यावा म्हणून बहुधा पालथं झोपवून हात डोक्याच्या पुढे ताणून ठेवतात. टेक्निशियन त्याला ‘सुपरमॅन’ म्हणतात. ऐकायला मजेशीर आहे, पण वीसेक मिनिटांत खांदा भरून येतो, हात हलतो आणि चित्र पुसट येतं. खांद्याखाली आणि छातीखाली उशी मागा. हे जमणार नसेल तर हात अंगालगत ठेवूनही करता येतं, चित्र थोडं कमी धारदार येतं इतकंच. एकूण तास-पाऊण तास लागेल, आवाज मोठा येईल, कानात बोळे देतील. १४ वर्षांच्या मुलीला भूल लागत नाही. बांगड्या, कानातलं, चमकी, केसातल्या पिना, ताईत आणि कपड्याची सेफ्टी पिन घरीच काढून ठेवा. आणि जिथे सगळ्यात जास्त दुखतं तिथे तिला स्वतः बोट ठेवायला सांगा. त्या जागी मेडिकलमध्ये मिळणारी व्हिटॅमिन ई ची एक कॅप्सूल चिकटवतात. ती चित्रात ठळक उमटते, आणि वाचणाऱ्याला दुखरी जागा नेमकी कळते.

दुसऱ्या डॉक्टरांच्या अँजिओग्राफीबद्दल. गंमत अशी की जगातली पहिली अँजिओग्राफी हाताचीच होती. रॉन्टजेननं डिसेंबर १८९५ मध्ये बायकोच्या हाताचा एक्स-रे काढला आणि पुढच्याच महिन्यात व्हिएन्नात हाशेक आणि लिंडेनथाल यांनी मृत व्यक्तीच्या कापलेल्या हाताच्या धमन्यांत पाऱ्याचं संयुग असलेलं मिश्रण भरून धमन्यांचं चित्र काढलं. जिवंत माणसात ते मिश्रण भरणं अर्थातच अशक्य होतं. आजची अँजिओग्राफी, तिला डीएसए म्हणतात, सुरक्षित आहे. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी थेट हातापर्यंत नेतात, औषध सोडतात आणि कॉम्प्युटर हाडं पुसून फक्त रक्तवाहिन्या दाखवतो. धमन्यांचं इतकं बारीक चित्र दुसरी कुठलीच तपासणी देत नाही. पण तुमच्या लेकीची सूज, मला वाटते तशी, शिरांची असेल तर धमनीतून सोडलेलं औषध तिथे पोचेपर्यंत इतकं पातळ होतं की अँजिओग्राफी बहुतेकदा ‘नॉर्मल’ येते. किरणांचा मारा झाला, धमनीत नळी घालण्याची जोखीम घेतली, पैसे गेले आणि हाती काही नाही.

डॉपलरमध्ये एव्हीएम निघालं तर मात्र दुसरे डॉक्टर अर्धे बरोबर ठरतात. तेव्हाही डीएसए नुसतं बघायला करत नाहीत. उपचार ठरला, कुठली वाट बंद करायची याचा विचार झाला, की बहुधा त्याच टेबलावर डीएसए आणि एम्बोलायझेशन (नळीतून ती वाट आतून बंद करणं) करतात. त्या परिस्थितीत एक गोष्ट कोणालाही करू देऊ नका: सुजेला रक्त पुरवणारी मुख्य धमनी बांधून टाकणं. बांधल्यावर काही दिवस सूज कमी वाटते. मग आजूबाजूच्या बारीक धमन्या मोठ्या होऊन तीच सूज पोसतात, आणि आत जायचा सरळ रस्ता कायमचा बंद झालेला असतो. सीटी अँजिओग्राफीही कोणी सुचवेल. वेगवान गटात हाडाचा सहभाग पाहायला ती उपयोगी आहे, संथ गटात तिच्यातून फारसं मिळत नाही आणि क्ष-किरण फुकट जातात.

शिरांच्या मालफॉर्मेशनचं खरं ‘आतलं’ चित्र उपचाराच्या वेळी निघतं. सोनोग्राफीत पाहत बारीक सुई सरळ कप्प्यात घालतात, थोडं कॉन्ट्रास्ट सोडतात आणि ते कुठल्या शिरेतून निघून जातं ते पाहतात. बाहेर जायची वाट नसेल किंवा बारीक असेल तर औषध कप्प्यातच राहतं आणि काम सोपं होतं. मोठ्या शिरेत सरळ उघडत असेल तर जपावं लागतं. मग कप्प्याची भिंत आतून चिकटवणारं औषध देतात. याला स्क्लेरोथेरपी म्हणतात. ती एका बैठकीत संपत नाही, सूज पूर्ण नाहीशी होईलच असंही नाही. दुखणं कमी होणं आणि हात नीट चालणं हे तिचं उद्दिष्ट. हातात जागा इतकी कमी आहे की औषध चुकीच्या ठिकाणी गेलं तर त्वचा काळी पडणं, नर्व्ह दुखावणं, बोट आखडणं हे धोके पायापेक्षा किंवा पाठीपेक्षा जास्त असतात. म्हणून हे काम हाताच्या रक्तवाहिन्यांवर नियमित करणाऱ्या इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टकडेच (चित्रात पाहत सुई-नळीनं उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडेच) व्हावं, आणि शेजारी हँड सर्जन असावा. मुंबईत परळच्या केईएममध्ये इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे. पुण्यातही मोठ्या रुग्णालयांत विचारता येईल. जिथे जाल तिथे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आधी भेटा. तुमच्या उपचाराचं पॅकेज योजनेत बसतं का, ते तो कागद पाहून सांगेल.

कापून टाकणं वाईट नाही. छोटी, एका जागी मर्यादित, नर्व्हपासून दूर असलेली सूज पूर्ण काढली तर प्रश्न मिटतो. पण ती तशी आहे हे एमआरआयनं आधी दाखवायला हवं. न बघता उघडलं तर रक्तस्राव थांबवण्यातच वेळ जातो, सूज अर्धवट राहते, पुन्हा भरते, आणि दुसऱ्या वेळी व्रणातून वाट काढावी लागते.

आणि काहीच न करणं हाही एक उपचार आहे. एमआरआयमध्ये सूज वरवरची निघाली आणि दुखणं पेपरापुरतंच असलं, तर मापाचा दाबाचा हातमोजा आणि लिहिताना मधूनमधून हात वर धरून विश्रांती, एवढ्यावर कित्येक मुलींचं भागतं. हातमोजा मात्र संथ गट आहे हे ठरल्यावरच, आणि डॉक्टरांनी माप घेऊन. शाळेत वर्गशिक्षिकेशी आत्ताच बोला, म्हणजे दहावीच्या वर्षी ऐन वेळी धावपळ होणार नाही.

कॅन्सरचं विचारलंत. शिरांची मालफॉर्मेशन हा कॅन्सर नाही आणि तिचा कॅन्सर होत नाही. मी सावध होते ती वेगळ्या चित्रानं: सूज कडक आहे, दाबून रिकामी होत नाही, हात वर केला तरी तशीच राहते आणि काही महिन्यांत वाढलीय. हातात काही दुर्मीळ गाठी रक्तानं भरलेल्या दिसतात आणि एमआरआयमध्येही क्षणभर फसवतात. तसं काही आढळलं तर बायोप्सीची चर्चा होईल, आणि ती सुई डॉपलर झाल्यावरच घालायची. तुम्ही लिहिलेलं वर्णन या चित्रात बसत नाही.

सासूबाईंना काय सांगायचं, ते तुम्हीच ठरवा. मी काय सांगेन ते लिहिते. अशा सुजेतल्या पेशी तपासल्या तर जवळजवळ निम्म्या रुग्णांत टीआयई-२ नावाच्या जनुकात बदल सापडतो. तो बदल गर्भात हात तयार होताना एखाद्या पेशीत आपसूक होतो आणि त्या पेशीपासून बनलेल्या शिरांपुरताच राहतो. तो आईच्या रक्तात नसतो, बापाच्याही नसतो, आणि ग्रहणात चिरलेल्या भाजीचा त्याच्याशी काही संबंध नाही. तो पुढच्या पिढीत जाण्याची भीतीही सहसा नसते. काही कुटुंबांत मात्र अशा छोट्या निळ्या गाठी अनेक जणांना, अंगावर अनेक ठिकाणी असतात, दाबल्यावर बऱ्याच दुखतात आणि पूर्ण रिकाम्या होत नाहीत. तो वेगळा, आनुवंशिक प्रकार आहे. घरात आणखी कोणाला तसं असेल तर डॉक्टरांना सांगा.

एक रक्ततपासणीही सांगून ठेवते: डी-डायमर आणि फायब्रिनोजेन (रक्त गोठायला लागणारं प्रथिन). साचलेलं रक्त आत गोठत असेल तर डी-डायमर वाढतं. सूज जितकी मोठी तितकी ही शक्यता जास्त. स्क्लेरोथेरपी, ऑपरेशन किंवा अगदी दुसरीच एखादी शस्त्रक्रिया ठरली तरी हे आकडे आधी हातात हवेत, कारण काही रुग्णांना त्याआधी रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं द्यावी लागतात. आणि याच कारणासाठी, घरात पूजा आहे, गौरी-गणपती आहेत म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या तिला परस्पर मेडिकलमधून आणून देऊ नका. हार्मोनच्या गोळ्यांनी रक्त गोठण्याची शक्यता वाढू शकते. कुठलीही तशी गोळी सुरू करण्याआधी हाताचा रिपोर्ट आणि डी-डायमरचा कागद स्त्रीरोगतज्ज्ञांपुढे ठेवा.